सोप्याची फरशी : खानापूरच्या जुन्या घराच्या कामाच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलंय. मागच्या वर्षी छपराचं काम केलं तेव्हा कौलं कुठनं आणली, किती फुटली, मिस्त्रींना किती दिले, यातलं आता काहीच आठवत नाही. घर नंदगडच्या पुढं, भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या, मातीत बांधलेल्या, वरनं चुन्याचा गिलावा. सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या ओसरीत, आजोबांनी घातलेली शहाबादी फरशी आहे, न्हाणीत आणि मागच्या बोळात बाबांनी नंतर सिमेंटवर बसवलेली. दोन्हीकडं फरशी खालीवर झालीय, दिवाळीत आईला रात्री ठेच लागली आणि अंगठ्याचं नखच गेलं, त्यामुळं आता पुढं ढकलायचं नाही. मी असतो बेळगावात, उद्यमबागेत एका फौंड्रीच्या लॅबमध्ये, म्हणजे काम रविवारी आणि सुट्टीलाच. पाडवा ३० मार्चला आहे, त्याच्या आत संपवायचं.

मोजून काढलं. सोपा २४ बाय ८ फूट, २ बाय २ च्या ४८ फरश्या. न्हाणी आणि बोळ मिळून १६.

गावातले दोघं तिघं म्हणाले व्हिट्रिफाइड टाइल टाक, दोन दिवसात मोकळा होशील. मला दगडच पाहिजे. उन्हाळ्यात दुपारी त्या फरशीवर उघड्या पाठीनं झोपून मी मोठा झालोय.

१९ जानेवारी

फरशी उचलली. आजचा दिवस खरं तर नीट लिहायला पाहिजे कारण पुढच्या सगळ्या कामाची दिशा इथंच ठरली.

सोप्यात पहिल्या फरशीच्या सांध्यात मिस्त्रीमामांनी पहार घातली, जरा हलवली, आणि फरशी अख्खी वर आली. खाली पांढरट मऊसर चुन्याचा थर, बोटानं खरवडला की भुगा पडतो, त्यात विटेचे लाल कण. फरशीच्या पाठीला चिकटलेला चुना थापीच्या कडेनं नुसता सुटत होता. मामा म्हणाले, "ज्येनं बसवलंय तेनं चुन्यात बसवलंय बघ, सिमिटात असती तर चुरा झाला असता." आणि दुपारी न्हाणीत तेच बघायला मिळालं. सिमेंट दगडापेक्षा घट्ट, पहार मारली की सांधा सुटायच्या ऐवजी फरशीच मधनं फुटते. हिशोब असा: सोप्यातल्या ४८ पैकी ४३ धड निघाल्या, न्हाणीतल्या १६ पैकी फक्त २. दगड दोन्हीकडं एकसारखाच दिसत होता, खालचा मसाला तेवढा वेगळा.

उंबऱ्याच्या आतली पहिली फरशी मधोमध झिजून खोलगट झालीय. कडेला जाडी ३८ मिलिमीटर, मध्ये २९. शहाबादी म्हणजे चुनखडक, त्यातलं मुख्य खनिज कॅल्साइट, मोहच्या मापात त्याची कठीणता ३, लोखंडी खिळ्यानं ओरखडा उठतो. आपल्या लाल मातीतले बारीक खडे त्याच्यापेक्षा कठीण, ते चपलेखाली येऊन रोज थोडं थोडं घासतात. मामा म्हणाले ही उलटी करून बसवू, खालची बाजू कोरीच आहे. आई लगेच म्हणाली, "उलटी कशाला करालास रे, चांगली हाय की, तिथं पाय बरोबर बसतोय." तशीच ठेवायची ठरलं. सगळ्या फरश्यांच्या पाठीवर कोळशानं नंबर टाकलेत, ही १ नंबर.

२६ जानेवारी

सुट्टी होती, चुना विरवला. चुन्यात बसवायचं हे मागच्या रविवारीच पक्कं झालं, आणि विरवलेला चुना जितका मुरेल तितका चांगला, म्हणून फरशी विकत घ्यायच्या आधीच हे काम.

बाजारातनं कळीचा चुना, म्हणजे भाजलेल्या चुनखडकाचे खडे, आणला. पत्र्याच्या पिंपात आधी पाणी, मग त्यात कळी थोडी थोडी टाकायची. कळीवर वरनं जरा जरा पाणी शिंपडलं तर ती तडतडून अंगावर उडते. डोळ्याला गॉगल, हातात रबरी मोजे, पोरांना अंगणाच्या पलीकडं पाठवलेलं. दोन मिनिटात पाणी खदखदायला लागलं, पिंपाला हात लावता येईना. नंतर जाळीतनं गाळून दुसऱ्या पिंपात ठेवला, वर चार बोटं पाणी, म्हणजे हवा लागणार नाही.

मला यातलं जे फार आवडतं ते लिहितो. चुनखडक म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. तो ९०० अंशाच्या आसपास भट्टीत भाजला की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, शुद्ध दगड १०० किलो घातला तर कळी ५६ किलो उरते, बाकी ४४ किलो हवेत. कळीत पाणी मिसळलं की विरलेला चुना. तो सांध्यात भरला की हवेतला तोच कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत ओढून घेतो आणि पुन्हा कार्बोनेट होतो. म्हणजे सोप्यात वरची फरशी पण चुनखडक आणि काही वर्षांनी खालचा मसाला पण चुनखडकच. विजापूरच्या गोल घुमटाचा घुमट विटा आणि चुन्यात चढवलेला आहे, १६५६ साली पुरा झालेला, आणि अजून उभा आहे.

चुन्याचे पण वर्ग आहेत, आयएस ७१२ ह्या भारतीय मानकात ए पासून एफ पर्यंत. ए म्हणजे पाण्यात सुद्धा घट्ट होणारा, सी म्हणजे फॅट लाइम, जो आपल्याकडं गिलाव्याला वापरतात, ई म्हणजे कंकराचा. मला मिळालाय तो फॅट लाइम, पांढराशुभ्र. तो ओल्यात एकटा घट्ट होत नाही, म्हणून न्हाणीसाठी त्यात सुरखी, म्हणजे विटांचा भुगा, पाहिजेच. खानापूरला विटा आणि कौलांना तोटा नाही, कमी भाजलेल्या विटा निवडून आणल्यात, त्यांची सुरखी चुन्याला जास्त चांगली धरते.

२ फेब्रुवारी

बेळगावात तीन वखारी फिरलो. नवीन फरशी पाहिजे १९, फूटतूट धरून २४ घ्यायच्या.

तिन्हीकडं दगड नावानं विकतात, शहाबादी, तांदूर, कोटा, कडप्पा. ही सगळी गावांची नावं. शहाबाद कलबुर्गी जिल्ह्यातलं, तांदूर तेलंगणातलं, कोटा राजस्थानातलं, कडप्पा आंध्रातलं. चारी दगड मुळात चुनखडकच आहेत, थराथरानं साठलेल्या चुनाळ गाळाचे, म्हणून तर थरावर थर सुटून सपाट फरशी निघते. शहाबादचा थर इतका जुना की आपल्या घाटावरचा काळा दगड, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, उत्तरेच्या बाजूला त्याच्यावर येऊन पसरलाय. आपल्या जिल्ह्यात पण चुनखडक आहे, पूर्वेला यादवाडकडं आणि पुढं बागलकोटच्या लोकापूर बाजूला, तो कलादगीचा पट्टा, तिकडचा दगड सिमेंटच्या कामाला जातो. आमच्या खानापुरात मात्र जांभा, म्हणून इथल्या घरात फरशी नेहमी बाहेरनंच आली.

दुसऱ्या वखारीतले अण्णा कानडी, मराठी छान बोलतात, म्हणाले, "ओरिजिनल शहाबाद री, ग्रॅनाइटसारखा राहतंय बघा." मी खिशातनं खिळा काढून कोपऱ्यात ओरखडला, पांढरी रेघ उठली. ग्रॅनाइटवर ती उठली नसती. अण्णांना राग नाही आला, उलट म्हणाले आमच्यात ह्याला सुण्णद कल्लु म्हणतात, सुण्णा म्हणजे चुना, मग मऊ असणारच की. मला ते पटलं. मऊ आहे म्हणून दगड वाईट होत नाही, किती मऊ आणि पाणी किती पितो एवढंच बघायचं. वाजवून बघितलं, आमच्या घरच्या पाथरवटांची पद्धत, नाण्यानं टकटक केलं की चांगली फरशी खणखणते, आत चीर असली की बद्द आवाज येतो. नमुन्याचे तुकडे घेतले आणि लॅबला आणले.

५ फेब्रुवारी, रात्री

साहेबांना विचारून आपल्याच लॅबचा ओव्हन आणि काटा वापरला. पद्धत सोपी, कुणालाही जमेल. तुकडा १०५ अंशावर रात्रभर वाळवला, वजन केलं. २४ तास पाण्यात बुडवून ठेवला, ओल्या फडक्यानं पुसून परत वजन. मग दोरीनं पाण्यात लोंबकळत ठेवून तिसरं वजन, त्यावरनं आकारमान आणि घनता निघते.

आजोबांची फुटकी फरशी: कोरडी १३१२ ग्रॅम, भिजून १३२२, म्हणजे पाणी पाऊण टक्का, घनता घनमीटरला २६७८ किलो. वखारीचा शहाबादी नमुना: १२४० वरनं १२५१, पाणी ०.९ टक्के, घनता २६६७. कडप्पा: ११०५ वरनं ११०८, पाव टक्क्याच्या जरा वर, घनता २६९५.

आता ग्रेडचं. बांधकामाच्या चुनखडकाला अमेरिकेचं एएसटीएम सी ५६८ हे मानक आहे, त्यात तीन वर्ग. पहिला हलका, घनता १७६० ते २१६०, पाणी १२ टक्क्यांपर्यंत चालतं, दाब सहन करायची ताकद कमीत कमी १२ मेगापास्कल. दुसरा मध्यम, २१६० ते २५६०, पाणी साडेसात टक्के, ताकद २८. तिसरा जड, २५६० च्या वर, पाणी ३ टक्के, ताकद ५५, म्हणजे चौरस सेंटिमीटरला ५६० किलोच्या आसपास. पहिल्याला वाईट आणि तिसऱ्याला चांगला म्हणायचं नाही, हलका दगड कोरीव कामाला, भिंतीला सोपा जातो, न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीला बाहेरनं इंडियाना राज्यातला चुनखडक लावलाय तो काही सगळ्यात जड दगड नाही. पण पायाखाली, ओल्यात, खानापूरच्या पावसात मला तिसराच पाहिजे. माझे तिन्ही तुकडे तिसऱ्यात बसतात. आपल्याकडं फरशी आणि लाद्यांसाठी आयएस ११२८ आहे, आणि पाणी पिण्याच्या चाचणीसाठी आयएस ११२४. दाबाच्या मशीनखाली तुकडे घातले नाहीत, सोप्यावर माणसंच चालणार, पाण्याचा आकडा कळला की मला पुरेसं आहे.

फौंड्रीत आम्ही हाच दगड वेगळ्या नजरेनं बघतो. क्युपोलात, म्हणजे लोखंड वितळवायच्या भट्टीत, लोखंड आणि कोकबरोबर चुनखडक टाकतात, तो राख आणि वाळू धरून स्लॅग, म्हणजे मळी, करतो. तिथं रिपोर्टमध्ये कॅल्शियम किती, सिलिका किती एवढंच वाचायचं, आणि ढेकळं ठिसूळ असली, डागाळलेली असली तरी कुणाला फिकीर नसते. सोप्याला उलटं. इतकी वर्षं चुनखडकाचे रिपोर्ट हातावेगळे केले आणि तो पाणी किती पितो हे मी कधी विचारलंच नव्हतं.

१६ फेब्रुवारी

टेम्पो आला. २४ फरश्या उतरवल्या आणि पहिल्याच नजरेला काहीतरी खटकलं, काही फरश्यांचा रंग जरा पिवळसर. नमुना राखाडी होता. टेम्पोवाला म्हणाला पॉलिश केलं की सगळं एक होईल.

लॅबला न्यायला वेळ नव्हता, म्हणून परड्यात जे सुचलं ते केलं आणि ते इतकं नीट जमलं की आता कायम हेच करणार. जनावरांच्या पाण्याच्या टाकीत एकेक फरशी बुडवली, पाव तास ठेवली, काढून भिंतीला उन्हात ओळीनं उभी केली. सगळ्या काळ्याभोर ओल्या. पाच मिनिटात राखाडी फरश्यांच्या वरच्या कडा उजळायला लागल्या, वाळण खाली सरकत गेली, पंधरा वीस मिनिटात त्या कोरड्या ठणठणीत. सात फरश्या मात्र तशाच काळ्या राहिल्या, आणि त्यांच्यात सुद्धा पट्टे, एक पट्टा वाळलेला, त्याच्या खालचा ओला, लुगड्याच्या काठासारखे. त्या ओल्या पट्ट्यात नखानं दाबलं तर नख रुतलं, बोटाला चिखल लागला. चुन्याच्या थरांच्या मध्ये मातीचे थर, खाणीच्या वरच्या अंगाचा, ऊनपाऊस खाल्लेला माल. असली फरशी पहिल्या दोन पावसाळ्यात थर सोडते, पापुद्रे निघतात.

आई भिंतीपाशी उभी राहून बघत होती, म्हणाली, "ह्या सात फरशा तहानलेल्या हाईत." मी वहीत तसंच लिहून ठेवलंय, तहानलेल्या ७.

वखारीला फोन केला. आधी आवाज चढला, मी ओल्या फरश्यांचे फोटो पाठवले आणि नमुन्याची वजनं सांगितली, मग म्हणाले बदलून देतो. एक तुकडा ठेवून घेतलाय तपासायला.

१९ फेब्रुवारी

त्या तुकड्याचा आकडा आला. ९८० वरनं १०१८, पाणी ३.९ टक्के, घनता २३५६. दुसरा वर्ग. जरासं ॲसिड टाकलं तर फसफसला खरा, पण खाली मातीचा गाळ उरला. नमुन्याच्या तुकड्याला नुसता फेस येऊन जवळजवळ सगळा विरघळला. ही खूण सगळ्या चुनखडकाला लागू नाही हेही लिहून ठेवतो, मॅग्नेशियमवाला डोलोमाइटी दगड गार ॲसिडात लगेच फसफसत नाही, पूड केली की मग फसफसतो, त्यामुळं नुसता फेस बघून ठरवायचं नाही.

२३ फेब्रुवारी

बदलून आलेल्या सात फरश्या टाकीत बुडवल्या. सगळ्या वाळल्या. घेतल्या.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

बसवायला सुरुवात. महिनाभर मुरलेला चुना लोण्यासारखा झालाय, थापीला चिकटून राहतो. मसाला चुना एक, सुरखी एक, वाळू दोन, मामांनी आयुष्यभर हेच माप वापरलंय. पूर्वी असं मिश्रण चुन्याच्या घाणीत दळायचे, बैल दगडी चाक ओढायचा. आम्ही घमेल्यात पायानं तुडवलं, गम बूट घालून, कारण चुना कातडी खातो. गूळ आणि हिरड्याचं पाणी घालायची पण जुनी रीत आहे, मामांनी हिरडा आणला होता, न्हाणीच्या मसाल्याला घातला.

सोपा दरवाजाकडं पाऊण इंच उतार देऊन. जुन्या ४३ फरश्या सगळ्या सोप्यात, कमी पडल्या तिथं नवीन पाच, त्या माजघराच्या दाराच्या बाजूला, जिथं कपाट येतं. १ नंबरची तिच्या जागी. ती बसवताना मामांनी लेव्हल लावलीच नाही, हाताच्या तळव्यानं कडा चाचपून बसवली.

९ मार्च

वाईट झालं आज. सोपा झाला, न्हाणीत आणि बोळात जुन्या २ आणि नवीन १४ बसवून झाल्या होत्या, दर्जा, म्हणजे फरश्यांमधले सांधे, भरायचं काम चालू होतं. मामांबरोबरच्या पोरानं फरशीवर उडालेले चुन्याचे शितोडे काढायला कुठनं तरी संडासाचं ॲसिड आणलं आणि बोळातल्या दोन फरश्यांवर ओतलं. मी आत गेलो तर फरशी फसफसत होती, वास घशाला झोंबला. बादलीभर पाणी मारलं पण तोवर वरचा तुळतुळीत थर गेला, हात फिरवला तर खरखरीत, रंग राखेसारखा. पोराची चूक म्हणता येत नाही, टाइलच्या कामावर त्यानं हेच करताना बघितलंय, आणि चुनखडकाला ॲसिड म्हणजे काय हे मी त्याला आधी सांगायला पाहिजे होतं. त्याला जवळ बसवून लिंबाचा थेंब टाकून दाखवला. म्हणाला आमच्या घरात कडप्प्याच्या ओट्यावर लिंबू चिरतात तिथं पांढरे डाग आहेत ते ह्यामुळंच काय. होय, त्यामुळंच.

संध्याकाळी कार्बोरंडमचा दगड आणि पाणी घेऊन तासभर घासलं, खरखर बरीच कमी झाली, रंग तसाच. राहू दे. शितोडे ओल्या गोणपाटानं निघाले, तेवढंच पाहिजे होतं.

२३ मार्च

दर्जा भरून झाला. मामांच्या तोंडात दर्जा म्हणजे सांधा, माझ्या वहीत दर्जा म्हणजे ग्रेड, सगळ्या कामात आमचा हाच गोंधळ होत राहिला. आठ दिवस ओली गोणपाटं टाकून ठेवली होती. चालायला अजून फळ्याच टाकल्यात, चुना सिमेंटसारखा घाई करत नाही.

आईला सांगून ठेवलं: पुसायला नुसतं पाणी, तांबडं फिनेल नको, चिंचेचं पाणी सांडलं तर लगेच पुसायचं, आणि उंबऱ्याबाहेर काथ्याचं पायपुसणं, खडे आत आले नाहीत की झीज निम्मी. न्हाणीतली फरशी रफच ठेवलीय, पॉलिश ओल्यात घसरतं.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारली. फळ्या काढल्या. दुपारी सोप्यात आडवा झालो.

२५ मे

यंदा पाऊस लवकर आला. काल रात्रीपासून धो धो लागलाय, पागोळ्यांचं पाणी वाऱ्यानं सोप्यात येतंय. सकाळी उठून बघितलं, बाकी फरशीवर पाणी टिकलेलं नाही, उतारानं बाहेर गेलंय, फक्त १ नंबरच्या खळग्यात ओंजळभर साचलेलं. आईनं फडक्यानं पुसलं, तासाभरात कोरडी. भिंतीच्या कडेला लोणा, ती पांढरी खारट पूड, कुठं उठत नाहीये. बोळातल्या त्या दोन ॲसिडवाल्या फरश्या अजून ओल्या दिसतात, बाकीच्या वाळल्या तरी. पाच फरश्या शिल्लक आहेत, परड्यात माडाच्या बुंध्याला टेकवून ठेवल्यात, पावसाळा संपला की त्यातल्या दोन तिथं घालायच्या, बाकीच्या तीन तुळशीकट्ट्याला.